कोकणातल्या सर्वपक्षीय साहेबांनो, बातमी खोटी असेल तर कुठली ओळ खोटी ते सांगा

मा. आमदार साहेब, खासदार साहेब, आजी-माजी-भावी मंत्री, जिल्हाप्रमुख, तालुकाध्यक्ष आणि या सगळ्यांचं फेसबुक सांभाळणारी मंडळी, सगळ्यांना लांज्याहून नमस्कार.

पक्षाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण एकाचं लिहिलं की बाकीचे टाळ्या वाजवतात आणि विषय तिथंच संपतो. आणि खरं सांगायचं तर या एका बाबतीत तुमची सगळ्यांची युती आहे. झेंडा कुठलाही असो, भाषण रंगेना झालं की गाडी येते ती मीडियावर. विकलेले, दलाल, पाकीटवाले, सुपारी घेतलेले, मग विकासाचे शत्रू, कोकणाचे शत्रू, आणि आता थेट जनतेचे शत्रू. जनता म्हणजे आम्हीच ना? मग आमचा शत्रू कोण ते आम्हाला विचारून तरी ठरवा.

मी पेपर एजंट. पहाटे गाडी येते, गठ्ठे उतरवायचे, पुरवण्या आत घालायच्या, लाइन टाकणारी पोरं आली की त्यांना मोजून द्यायचे, उरलेले स्टॉलवर. तुम्ही म्हणाल धंदा आहे म्हणून याला पुळका. असू दे की. पण एका अंकामागे जे कमिशन सुटतं त्यात पुळका येण्याएवढं काही नाही, आणि पेपरवाल्यांना सकाळी सकाळी शिव्या घालणारी गिऱ्हाइकं मी जेवढी ऐकतो तेवढी तुम्हीसुद्धा ऐकत नसाल. आमच्या वाडीची बातमी आली नाही, आली तर नाव चुकलं, सगळा पेपर वाढदिवसांनी भरलाय, आत वाचायला काय आहे. बरंचसं खरंय. पेपरवर टीका करू नका असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये, टीका रोज व्हायला पाहिजे. तुम्ही जे करता ती टीका नव्हे, म्हणून लिहितोय.

मागच्या निवडणुकीच्या प्रचारात एक सभा झाली, कोणाची ते सोडा. मैदानात मंडप, पुढे डावीकडे पत्रकारांसाठी टेबल, त्यावर पांढरं कापड, पाण्याच्या बाटल्या. मी मागे उभा होतो. साहेब चांगले बोलत होते, काजूच्या दरावर बोलले, पाण्यावर बोलले, आणि मध्येच काय झालं कोण जाणे, बोट त्या टेबलाकडे. "हे बघा, पुढेच बसलेत, उद्या काय छापतात ते बघा, यांच्यापासून सावध राहा, हे तुमचे दुश्मन आहेत." मैदानातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. देवळात गाऱ्हाणं घालताना गावकर इडापिडा दूर कर म्हणतो आणि सगळे व्हय म्हाराजा म्हणतात ना, अगदी तस्संच झालं, फक्त देवळात इडापिडा डोळ्यांना दिसत नाही आणि इथे ती प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसलेली.

त्या खुर्चीवर आमच्या बाजारातला बातमीदार होता. बाजारात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, कारण नुसत्या बातम्यांवर घर चालत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पगार असतो असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका, बहुतेकांना मानधन म्हणून जे मिळतं ते पेट्रोलला पुरत नाही आणि खरी कमाई असते ती जाहिरातीच्या कमिशनची. म्हणजे तुमच्याच वाढदिवसाच्या जाहिरातीची, त्यावर नंतर येतो. तर तो बिचारा मान खाली घालून लिहीतच राहिला. मागून एक पोरगा ओरडला, "काय रे, किती घेतलेस?" सगळे हसले. साहेबही हसले. मग भाषण पुढे गेलं काजूबागांकडे.

आणि त्याचं काय झालं? मारहाण झाली नाही, दगड आला नाही, म्हणजे बातमी व्हावी असं काहीच झालं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून पक्षाच्या ऑफिसची झेरॉक्स दुसरीकडे जायला लागली. दोन ओळखीच्या माणसांनी नाक्यावर बघून न बघितल्यासारखं केलं. त्याच्या बायकोला बचतगटाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, वहिनी, भावजींना सांगा जरा जपून. आणि पुढच्या महिन्यात एका रस्त्याच्या बिलाची बातमी त्याच्याकडे आली, कागदासकट आली, ती त्याने लिहिली नाही. मला म्हणाला, "सोड रे, कोण नाही नाही ते ओढवून घेणार." तुमच्या भाषणातलं ते एक वाक्य, अर्ध्या मिनिटाचं पण नसेल, तुम्ही तर विसरून पण गेला असाल.

आता तुमचं नेहमीचं उत्तर मला माहितेय, आम्ही त्याला नाही म्हटलं हो, तो आपलाच माणूस, आम्ही त्या टीव्हीवाल्यांना म्हटलं. बरोबर, शिवी मुळात त्यांच्यासाठीच बनलेली. 2015 ला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी पत्रकारांना प्रेस्टिट्यूट (प्रेस आणि प्रॉस्टिट्यूट जोडून केलेली शिवी) म्हटलं होतं, दुसऱ्या बाजूने गोदी मीडिया, म्हणजे सरकारच्या मांडीवर बसलेला, हे चालू झालं, 2023 च्या सप्टेंबरात विरोधकांच्या इंडिया आघाडीने 14 अँकरांची यादीच काढली की यांच्या कार्यक्रमात आमचा माणूस जाणार नाही. त्या चॅनेलवरचा आरडाओरडा बघून माझंही डोकं उठतं, आणि अँकरच्या शोला जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण लांज्याच्या मैदानात दिलेली शिवी नोएडाच्या स्टुडिओपर्यंत पोचत नाही साहेब. तो अँकर कुठे राहतो, त्याची गाडी कुठली, कोणाला माहीत नाही, त्याच्या गेटवर वॉचमन आहे. इथला बातमीदार दुचाकीवर फिरतो, त्याची मुलगी कुठल्या शाळेत जाते ते सगळ्या गावाला माहितेय. मीडिया म्हणून लोकांच्या हाताला लागणारा एवढाच एक माणूस आहे.

राजापूर इथून जवळच. शशिकांत वारिशे तिथलेच, तिथे होऊ घातलेल्या तेल रिफायनरीच्या जमिनींबद्दल लिहायचे. 6 फेब्रुवारी 2023 ला सकाळी त्यांची बातमी छापून आली, त्याच दिवशी दुपारी त्यांच्या दुचाकीला एका थार गाडीने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या हॉस्पिटलात ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी, तोच गाडी चालवत होता असा आरोप आहे, खुनाचा गुन्हा दाखल झाला, चौकशीला एसआयटी, म्हणजे खास तपास पथक, नेमावं लागलं. न्याय काय तो कोर्ट करेल. तुमच्या कोणाच्या भाषणामुळे ती गाडी अंगावर आली असं मी म्हणत नाहीये, तसा कागद माझ्याकडे नाही आणि कागद नसताना बोलायचं नाही हेच तर या पत्रात सांगतोय. पण ते गेल्यावर श्रद्धांजलीला कोण कोण काय काय बोललं ते आम्ही वाचलंय, पत्रकार हा लोकशाहीचा चौथा स्तंभ वगैरे. चौथा स्तंभ आणि जनतेचा शत्रू, दोन्ही एकाच तोंडातनं येतं तेव्हा नाक्यावरच्या तापट डोक्याच्या पोराने यातलं कुठलं लक्षात ठेवायचं? महाराष्ट्रात 2017 ला पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा केला, तुम्हीच केलात, सभागृहात केलात. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. म्हणजे मारहाण होते हे तुम्हाला ठाऊक होतं.

ही भाषा काही आपल्याकडची नाही म्हणा, बाहेरनं आलेलं खूळ आहे. अमेरिकेत ट्रम्पनी 17 फेब्रुवारी 2017 ला न्यूयॉर्क टाइम्स, सीएनएन वगैरेंची नावं घेऊन हे अमेरिकन जनतेचे शत्रू असं लिहिलं, गादीवर बसून महिनासुद्धा झाला नव्हता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिकडच्या तीनशेहून जास्त पेपरांनी एकाच दिवशी त्यावर अग्रलेख लिहिले आणि तिकडच्या सिनेटने एकमताने ठराव केला की प्रेस जनतेची शत्रू नाही. एकमताने, म्हणजे ट्रम्पच्याच पक्षाच्या लोकांसकट. फरक काय पडला ते विचारू नका. मला त्यातलं लक्षात राहिलं ते वेगळंच. लेस्ली स्टाल म्हणून तिकडच्या टीव्हीवरच्या जुन्या पत्रकार, त्यांनी सांगितलं की 2016 मध्ये त्यांनी ट्रम्पना विचारलं होतं, तुम्ही हे सारखं सारखं का बोलता, तर ते म्हणाले, तुमची सगळ्यांची पत घालवायला, म्हणजे उद्या तुम्ही माझ्याविरुद्ध लिहिलंत तर कोणी विश्वास ठेवणार नाही. घ्या. निदान माणसाने खरं कारण तरी सांगितलं. त्याच्याही आधी रशियात स्टालिनच्या काळात हाच शिक्का मारून माणसं गायब केली जायची, आणि 1956 मध्ये त्याच पक्षाचे पुढचे नेते ख्रुश्चेव्ह बंद दाराआड आपल्याच लोकांना म्हणाले की हा शिक्का एकदा मारला की त्या माणसाचं काय चुकलं ते सिद्ध करायची गरजच उरत नव्हती.

बस, माझं सगळं म्हणणं ते एवढंच आहे. शत्रू म्हटलं की उत्तर द्यायला लागत नाही. बातमीत लिहिलंय की पुलाचं काम अर्धवट आणि बिल पूर्ण निघालं, तर त्याला उत्तर दोनच, नाही निघालं हे बघा कागद, नाहीतर हो निघालं, चौकशी लावतो. तिसरं उत्तर तुम्ही शोधून काढलंय, लिहिणारा विकला गेलाय. अहो समजा गेला विकला, मग बिलाचं काय?

आता पत्रकार धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हटलं तर माझीच गिऱ्हाइकं हसतील. पाकीट आहे, ब्लॅकमेल आहे, यूट्यूबचं चॅनेल काढून गळ्यात ओळखपत्र घालून चिऱ्याच्या खाणीवर आणि वाळूच्या डंपरमागे फिरणारे आहेत, कोकणात कोणाला माहीत नाहीत? 2009 च्या निवडणुकांत पॅकेजच्या, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या, बातम्यांनी केवढा धुरळा उडाला, एकाच शब्दांतली स्तुती वेगवेगळ्या पेपरांत, पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने 2010 ला त्यावर अहवाल दिला. पण मला एक सांगा, पॅकेज विकत घेत कोण होतं? मी तर नाही घेतलं. घेतलं उमेदवारांनी. विकणारा शत्रू आणि विकत घेणारा मात्र जनसेवक, हा हिशेब आमच्या बाजारात तरी बसत नाही.

वाढदिवसाचं पण तसंच. ज्या पेपराला सभेत दुश्मन म्हटलं त्याच पेपरात आठवड्याने साहेबांचा हसरा फोटो, कोकणचे भाग्यविधाते, खाली शुभेच्छुकांची चाळीस नावं, मधल्या दोन पानांवर पसरलेला रंगीत. ती जाहिरात कुठल्या बातमीदाराने गोळा केलीय ते सगळ्या गावाला माहीत असतं, आणि बिल कधी मिळणार ते कोणालाच माहीत नसतं. आणि तुमच्या ऑफिसातनं रोज व्हॉट्सअॅपवर येतं ते काय, "कृपया प्रसिद्धीसाठी", खाली सात फोटो, आणि रात्री नऊला फोन, अरे टाकलंस ना. शत्रूला कोणी असं रोज हक्काने काम सांगतं का हो?

बातमी चुकते. चुकली तर काय करायचं त्याच्या वाटा आहेत. खुलासा पाठवा, छापतात. नाही छापला तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा, दंड-तुरुंग त्यांच्या हातात नाही पण ताशेरे मारतात. तेही नको तर बदनामीचा खटला भरा, पूर्वी आयपीसी 500 होतं, आता न्याय संहितेत कलम 356, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. आणि हे नुसतं पुस्तकातलं नाहीये, आपल्या रत्नागिरीच्या टिळकांनाच विचारा. केसरी 1881 ला निघाला, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांवर लिहिलेलं अंगाशी आलं, कारण ज्या पत्रांच्या जोरावर लिहिलं ती पत्रंच बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते बाहेर आले. पेपर चुकला, कोर्टाने बघून घेतलं, पेपर पुन्हा निघाला. दिवाणसाहेबांना गावोगाव सभा घेऊन हे जनतेचे दुश्मन आहेत असं सांगत फिरायला लागलं नाही. पुढे 1897 ला आणि 1908 ला सरकारने टिळकांना आत टाकलं तो प्रकार वेगळा, तिथे सरकारलाच बातमी आणि अग्रलेख झोंबत होते. आणि 1975 च्या आणीबाणीत पेपरात काय यायचं ते सरकारी सेन्सॉर ठरवत होता, ते कोणाच्या राज्यात झालं तेही लक्षात आहे आमच्या. म्हणून तर म्हटलं, पक्षाचं नाव नको.

एक गोष्ट करा, उद्याचा कुठलाही पेपर हातात घ्या आणि शेवटच्या पानावर अगदी तळाला बघा. मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते, मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक अमुक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक, पत्ता, फोन. कोणी वाचत नाही ती. 1867 चा इंग्रजांचा कायदा होता, त्यापासून चालत आलेली, छापणारा सापडला पाहिजे म्हणून. इंग्रजाने ती पकडायला ठेवली असेल पण आज तिचा फायदा आम्हाला आहे, कारण त्या ओळीमुळे खोटं छापलं तर कोणाच्या दारात जायचं ते कळतं. आता तुमचा आयटी सेल सकाळी ग्रुपवर टाकतो ते फॉरवर्ड बघा. खाली कोणाचं नाव आहे? कुठला पत्ता? त्यात माझ्याबद्दल किंवा माझ्या गावाबद्दल खोटं असेल तर मी खुलासा कोणाला पाठवू? पेपरवर विश्वास ठेवू नका म्हणताना तुम्ही आम्हाला ज्याच्यावर विश्वास ठेवायला सांगताय त्याच्या तळाला ती ओळ नाहीये, आणि हे तुम्हाला चांगलं माहितेय, म्हणूनच तुम्हाला ते आवडतं.

आणि कोकणात तर आम्हाला पेपर लागतोच हो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडीतली वीसेक माणसं गेली. मंत्री म्हणाले खेकड्यांनी धरण पोखरलं. गावातले लोक गळतीची तक्रार आधीपासून करत होते हे आम्हाला कोणी सांगितलं? मंत्र्यांनी? मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला मोठ्या थाटात उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, नऊ महिने पण झाले नव्हते. वारा जोरात होता असं सांगून झालं. नटबोल्टांना गंज चढलाय असं बांधकाम खात्याने काही दिवस आधीच पुतळा उभारणाऱ्या नौदलाला लिहून कळवलं होतं, ते पत्र कुठे वाचलं आम्ही? पेपरात. मुंबई-गोवा हायवेचं तर बोलायलाच नको, 2011 ला चालू झालेलं काम, त्याच्या पूर्ण होण्याच्या जेवढ्या तारखा तुम्ही दिल्यात त्या सगळ्या पेपरातच छापून आल्यात, म्हणून तर आम्हाला पाठ आहेत. तुम्हाला पेपर नकोसा का होतो ते यातनंच कळतं.

दरवर्षी 6 जानेवारीला पत्रकार दिन. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, त्यांनी 1832 ला याच तारखेला मुंबईत दर्पण काढला, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, पेपर काढला तेव्हा विशीतला पोरगा होता. तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये येता, फोटोला हार घालता, पत्रकारांना शाल-श्रीफळ आणि एक डायरी देता. कोकणच्या मातीने देशाला पत्रकार दिले वगैरे छान बोलता. यंदा डायरी देऊ नका. त्याऐवजी समोर बसलेल्या पत्रकारांना सांगा, माझ्याविरुद्ध ज्या बातम्या आल्या त्या काढा, एकेक विचारा. अर्धा तास द्या. कोणी सांगितलेले प्रश्न नाहीत, आधी लिहून घेतलेले नाहीत.

आणि सभेत बोलायचंच असेल मीडियावर तर बोला की, जोरात बोला, पण पेपर हातात घेऊन बोला. अमुक तारखेचा अंक, अमुक पान, ही ओळ खोटी, आणि खरं काय ते हे. पेपर मी पुरवतो, जुने अंक पण ठेवलेले असतात माझ्याकडे, फुकट देतो. त्यात तो बातमीदार खरंच खोटा ठरला तर दुसऱ्या दिवशी स्टॉलवर मीच त्याला चार गोष्टी सुनावीन, आणि मी एकटा नसेन. पण नुसतं बोट दाखवून दुश्मन म्हणणार असाल तर त्या टेबलावर आमचा शेजारी बसलेला असतो एवढं बघून म्हणा. पुढच्या वेळी मागून कोणी पोरगा ओरडला तर हसू नका, गप्प बस म्हणा त्याला, माइक तुमच्याच हातात असतो.

हे पत्र मी आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या पेपरांना पाठवतोय. कोणी छापेल, कोणी नाही छापणार, ज्यांच्याकडे तुमची जाहिरात असेल ते बहुतेक नाहीच छापणार, मला माहितेय. तुम्हाला उत्तर द्यायचं असेल तर त्याच पेपरांना पाठवा, तुमचं तर नक्की छापतील. खाली नाव आणि गाव मात्र घाला, मी माझं संपादकांकडे दिलंय.

आपला,
एक पेपर एजंट,
लांजा, जि. रत्नागिरी